अध्यक्षांचं मत

चर्चच्या कमिटीची खोली लहान आणि टेबल मोठं. भोवती साध्या लाकडी खुर्च्या, आणि टोकाला एकच खुर्ची हातांची, उंच पाठीची, लाल गादीची. तिच्यावर बावीस वर्षांत कोणी बसलं नव्हतं. तरी तिच्यावर एका दिवसाचीही धूळ सापडली नसती, कारण घंटा वाजवणाऱ्या आणि झाडलोट बघणाऱ्या मावशी रोज सकाळी ती पुसत.

ही खुर्ची तारणाऱ्याची. उगीच भक्तिभावाने म्हणायला नव्हे, अगदी रीतसर. बावीस वर्षांपूर्वी अध्यक्षपदावरून कंत्राटदार आणि मास्तर यांच्यात अशी काही जुंपली होती, की एक जण प्रार्थनेला उभा राहिला की दुसऱ्याला हमखास खोकला येई. अकरा महिने हा खोकला चालला. शेवटी पाळकसाहेब वैतागून म्हणाले, "दर रविवारी गळे काढून गाता ना, की सगळ्यांच्या वर तोच? मग करा त्यालाच अध्यक्ष आणि मिटवा एकदाचं!" याला विरोध कोण करणार? शिवाय कंत्राटदारांना मास्तर झाले नाहीत याचा आनंद होता आणि मास्तरांना कंत्राटदार झाले नाहीत याचा. ठराव एकमताने झाला. नियमावलीत पहिला नियम पडला: या कमिटीचे अध्यक्ष स्वतः तारणारा असतील, त्यांची खुर्ची कोणी वापरू नये.

तेव्हापासून प्रत्येक सभेच्या नोंदीची सुरुवात 'अध्यक्षस्थानी प्रभू, उपस्थित' अशी होत असे. उपासनेत त्याला 'तू' म्हणणारी मंडळी सभेत 'अध्यक्षसाहेब' म्हणत, आणि फार आवाज चढले तर कोणीतरी खुर्चीकडे बोट दाखवी. तेवढं पुरत असे. सोय छान होती. अध्यक्ष कोणाला बोलत नव्हते, वेळेवर येत होते आणि चहाला नावं ठेवत नव्हते.

या सगळ्या नोंदी चिटणीसबाईंच्या हातच्या. बाईंनी तीस वर्षं न्यायालयात लघुलेखिका म्हणून काढली होती. साक्षीदार बोलला की त्यांच्या पेन्सिलीने ते टिपलंच म्हणून समजा. त्यांचं कामच असं होतं, की कानात शिरलेलं थेट बोटांत उतरे, मधे डोक्याला वर्दी लागत नसे. खुनाची साक्ष टिपता टिपता संध्याकाळच्या भाजीचा विचार करता येतो, हे त्या अभिमानाने सांगत. निवृत्त झाल्यावरही बोटं तशीच राहिली. नियमावलीसुद्धा त्यांनीच लिहिली होती, म्हणजे पहिला नियम पाळकसाहेबांचा आणि उरलेले एकोणीस बाईंनी आपल्या इमारतीच्या सोसायटीच्या पुस्तकातून एका बैठकीत उतरवून काढलेले. तेही अर्थातच डोक्याला त्रास न देता.

या महिन्याच्या सभेत कंत्राटदारांनी टेबलावर एक लांबलचक नकाशा उलगडला. चारी कोपऱ्यांवर चार कप ठेवले तेव्हा तो सपाट झाला.

"कमान," कंत्राटदार म्हणाले. "चर्चच्या दारात. शेजारच्या बँकेपेक्षा उंच, समोरच्या हॉटेलपेक्षा उंच. वर मोठ्या अक्षरांत, दिव्यांसकट, 'तारणारा सर्वांत श्रेष्ठ'. पुलावरून दिसलं पाहिजे. खर्च माझा, माणसं माझी."

कंत्राटदार देहाने आडवे आणि आवाजाने उभे. गेल्या वर्षी त्यांची छाती उघडून शिवली होती. गुंगी चढायच्या आधी त्यांनी वरच्याला शब्द दिला होता, की वाचलो तर तुझ्यासाठी असं काही बांधीन की लोक माना वर करून बघतील. वाचले. आता बांधायचं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांची घरं उभी केली, त्याच्यासाठी एक वीट लावली नाही, हे सांगताना त्यांचा आवाज खरोखरच भरून आला. मग त्यांनी लोखंड किती, काँक्रीट किती, दिवे कुठल्या रंगाचे हे सगळं सांगितलं. बाईंची पेन्सिल धावत होती. बाई त्या वेळी विचार करत होत्या, की नातवाचा स्वेटर विणायला घेतलाय त्याचा गळा गोल ठेवावा की टोकदार.

"तर मग, कमानीच्या बाजूने कोण?" कंत्राटदारांनी शेवटी विचारलं.

कंत्राटदारांचा हात वर गेला, त्यांच्या साडूंचा गेला, रंगाच्या दुकानवाल्याचा गेला, त्याचा तर उत्साहाने गेला. तारणाऱ्याच्या गौरवाला नाही कोण म्हणणार, म्हणून बाईंनीही डावा हात वर केला. उजवा लिहितच होता.

विरोधात मास्तर. कंत्राटदारांनी सूर्य पूर्वेला उगवतो असं म्हटलं असतं तरी मास्तर विरोधातच गेले असते. त्यांच्या मागे शिंपीकाका, बेकरीवाल्या बाई आणि खजिनदार असलेले दातांचे डॉक्टर. चार आणि चार. आजवर कमिटीत नऊ जण होते, पण नववे सभासद गेल्या महिन्यात मुलीकडे कायमचे राहायला गेले होते. आता बरोबरीत सुटलं, म्हणजे विषय संपला असं समजून मास्तर चष्मा पुसायला लागले.

"एक मिनिट," डॉक्टर म्हणाले. त्यांना नियमावली चाळायची वाईट खोड होती. "नियम सातवा. समसमान मतं पडल्यास अध्यक्षांचं मत निर्णायक राहील."

सगळ्यांचे डोळे हळूहळू टेबलाच्या टोकाकडे वळले. लाल गादी शांत होती.

"हा नियम कुणी घातला?" मास्तरांनी विचारलं.

बाईंना एकदम पेन्सिलीला टोक काढायची गरज भासली.

मग जो गोंधळ झाला तो विचारू नका. साडू म्हणाले, चिठ्ठ्या टाकू, शास्त्रात आधार आहे. मास्तर म्हणाले, आधार आहे, पण चिठ्ठी तुमच्या खिशातून निघायला नको. पाळकसाहेबांना मत नव्हतं, ते कोपऱ्यात बसत. त्यांना विचारलं, की तुम्ही अध्यक्षांच्या वतीने सांगा. त्यांनी दोन्ही हात वर केले. "मी त्यांचा नोकर. त्यांच्या सहीचा शिक्का माझ्याकडे नाही." शिंपीकाका म्हणाले, खुर्चीसमोर दोन कप ठेवू, जो आधी गार होईल... त्यांना कोणी पुढे बोलू दिलं नाही.

बाई सवयीने बोलून गेल्या, "कोर्टात साक्षीदार हजर होऊ शकला नाही, तर त्याचा लेखी जबाब बघतात. अध्यक्षांचं बोलणं लेखी आहे ना? मग त्यांनी स्वतः काय म्हटलंय ते शोधा. पण फक्त त्यांचं. त्यांच्याबद्दल दुसऱ्यांनी म्हटलेलं चालणार नाही."

"प्रेषितांचं?"

"नाही."

"संदेष्ट्यांचं?"

"मोठी माणसं आहेत, पण अध्यक्ष नाहीत," बाई म्हणाल्या. "ते निमंत्रित. निमंत्रितांना मत नसतं."

हे सगळ्यांना पटलं. वरचा तो एकच, हे तर सगळेच मानत होते. फक्त त्याचा असा उपयोग करायची वेळ कधी आली नव्हती. आठ दिवसांनी पुन्हा बसायचं ठरलं.

संध्याकाळी बाई स्वयंपाकघरातल्या टेबलावर वही घेऊन बसल्या. लघुलिपीतल्या रेघांचं साध्या अक्षरांत रूपांतर करायचं. हे काम करताना मात्र डोकं लागतं. लोखंड झालं, काँक्रीट झालं, निळे दिवे झाले, आणि मग त्यांच्याच हातच्या, त्यांच्याच सुबक रेघा त्यांनी वाचल्या. कंत्राटदार म्हणाले होते, 'कमानीचा डावा पाय मावशींच्या खोलीवर येतो, ती पाडावी लागेल. मावशींची सोय शहराबाहेरच्या वृद्धाश्रमात करू, तिथे डॉक्टर असतो.' आणि त्यापुढे 'आता पायाची खोली'.

मावशी त्या खोलीत एकतीस वर्षं राहत होत्या. बाईंचा नवरा गेला, तेव्हा महिनाभर रोज दुपारी त्याच खोलीत बाई येऊन बसत. मावशी काही विचारत नसत, नुसत्या शेजारी बसून मेणबत्त्यांचे वितळलेले तुकडे निवडत. आणि आज ती खोली पाडायला बाईंनी हात वर केला होता. बाईंचा हात नसता तर हा प्रश्नच उठला नसता. चार विरुद्ध तीन, आणि काम खलास.

त्यांनी डोक्याला स्कार्फ गुंडाळला आणि त्या तडक निघाल्या.

मावशी दाराशी बसून घंटेच्या दोराला नवीन कापड गुंडाळत होत्या. खोली म्हणजे एक पलंग, एक कपाट, एक शेगडी, आणि छताला कोपऱ्यात ओलीचा डाग. त्याच्या खाली बादली.

"ये," मावशी म्हणाल्या. "बस. चहा ठेवते."

"मावशी, तुम्हाला कळलं का?"

"कळायचं काय त्यात? चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होते. उंच आहे की नाही गं ती कमान? पुलावरून दिसायला हवी, म्हणे."

"तुम्हाला राग नाही आला?"

"आला ना. पण राग कुणावर धरू? खोली चर्चची, चर्च त्याचं. त्याने दिली, तो मागतोय म्हणतात. बघू." मावशींनी पातेलं शेगडीवर ठेवलं. त्यांची पाठ बाईंकडे होती. "त्या वृद्धाश्रमात घंटा असेल का गं?"

बाईंनी धाडस केलं. "मावशी, मी हात वर केला होता. बाजूने. मी लिहीत होते, मला ऐकूच आलं नाही ते. लिहिलं, पण ऐकलं नाही."

"पाहिलं मी," मावशी म्हणाल्या.

एवढंच. रागाने नाही, मायेने नाही. नुसतं पाहिलं मी. मग त्यांनी चहा कपात ओतला, बाईंना लागतो तसा, बिनसाखरेचा. बाईंना तो कप संपवताना जेवढा वेळ लागला तेवढा कुठल्याही खटल्याला लागला नव्हता.

पुढच्या आठ दिवसांत मंडळीत असं वाचन झालं, जे पाळकसाहेबांच्या चाळीस वर्षांच्या प्रवचनांनी झालं नव्हतं. प्रत्येकाला अध्यक्षांचे शब्द हवे होते, आणि ते स्वतः शोधायचे म्हणजे त्याच्या आयुष्याचे चारही वृत्तांत मुळापासून वाचावे लागणार. शिंपीकाका शिवणयंत्राच्या पायडलवर पाय ठेवून वाचत, त्यामुळे एका गिऱ्हाइकाच्या पँटचा एक पाय चार बोटं आखूड झाला. बेकरीवाल्या बाईंनी पाव करपवले. मास्तर लाल पेन्सिलीने खुणा करत आणि भेटेल त्याला परीक्षा घेतल्यासारखे प्रश्न विचारत. रंगवाल्याने दुकानात 'जरा थांबा, अध्यक्ष बोलताहेत' अशी पाटीच लावली. कंत्राटदार कामावर सिमेंटच्या पोत्यावर बसून वाचताना दिसले. मुकादमाने तीनदा हाक मारली तरी त्यांनी मान वर केली नाही. मुकादम घाबरला, त्याला वाटलं पुन्हा छातीत काही झालं.

बाईही वाचत होत्या. त्या शोधत होत्या असं वाक्य, जे कंत्राटदारांना फिरवता येणार नाही. सापडलेलं प्रत्येक वाक्य त्या कोर्टातल्या उलटतपासणीसारखं फिरवून बघत, आणि प्रत्येकातून कंत्राटदार वाट काढताहेत असं त्यांना दिसे. शिवाय त्यांनी गुपचूप नियमावली उघडून पाहिली, आपलं मत मागे घेता येतं का. नियम आठवा: एकदा दिलेलं मत मागे घेता येणार नाही. अक्षर त्यांचंच होतं, चांगलं वळणदार. सोसायटीच्या त्या पुस्तकाला त्यांनी मनातल्या मनात अशा शिव्या घातल्या, की त्या इथे लिहिता येणार नाहीत.

सभेच्या दिवशी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलावर पुस्तकं, कागदांच्या खुणा, चष्म्यांची घरं. बाईंनी लिहिलं, अध्यक्षस्थानी प्रभू, उपस्थित.

साडूंनी सुरुवात केली. एका राजाने किती भव्य मंदिर बांधलं, सोनं किती, खांब किती.

"तो राजा अध्यक्ष होता का?" मास्तरांनी विचारलं.

"नाही, पण..."

"निमंत्रित," बाई म्हणाल्या. साडू बसले.

मग रंगवाला. प्रत्येक गुडघा त्याच्यापुढे टेकेल, असं शास्त्र म्हणतं, मग गुडघे टेकायला कमान नको का? शिंपीकाका म्हणाले की हे अध्यक्षांबद्दल आहे, अध्यक्षांचं नाही, आणि शिवाय कमानीखाली गुडघे टेकले तर वाहतूक अडेल. तेही निमंत्रितांत गेलं. बेकरीवाल्या बाईंनी वाचलं, की कोल्ह्यांना बिळं आणि पाखरांना घरटी आहेत, पण त्याला स्वतःला डोकं टेकायला जागा नव्हती. खुद्द त्याचंच बोलणं. बाईंनी आशेने मान वर केली.

"बघा!" साडू ओरडले. "त्यांना स्वतःला खोली नव्हती, आणि त्यांनी तक्रार केली का? मग मावशींनी का करावी?"

"मावशींनी कुठे केली तक्रार?" डॉक्टर म्हणाले.

मास्तरांनी वाचलं, बापाच्या घरात पुष्कळ खोल्या आहेत. रंगवाला तत्काळ म्हणाला, मग झालंच की, मावशींची तिथे सोय आहे. यावर मात्र पाळकसाहेबांनी कोपऱ्यातून असं काही पाहिलं, की रंगवाला पुढचा अर्धा तास बोलला नाही. शिंपीकाकांनी वाचलं, की ज्याला पहिला व्हायचं असेल त्याने सगळ्यांचा सेवक व्हावं. साडू म्हणाले, कमान बांधणं ही सेवाच आहे.

अशा चेंडूफेकीत पाऊण तास गेला. अध्यक्षांचे शब्द दोन्हीकडून येत होते आणि दोन्हीकडे जात होते. बाईंची बोटं टिपत होती, पण आज डोकंही सोबत होतं, आणि डोकं म्हणत होतं, की हे सगळे खोलीवर भांडताहेत, आणि खोलीत राहणारी बाई पलीकडच्या भिंतीआड कप विसळते आहे, तिला सगळं ऐकू येतंय.

त्या पेन्सिल ठेवून उभ्या राहिल्या. "मला माझं मत बदलायचंय."

"नियम आठवा," डॉक्टर खेदाने म्हणाले.

"माहीत आहे. मीच लिहिलाय. मग माझा नुसता पश्चात्ताप लिहून घ्या."

"कोण लिहिणार? लिहिणाऱ्या तुम्हीच."

कुणीतरी हसलं. बाईंना रडूच यायचं बाकी होतं. तेवढ्यात सगळ्यांच्या लक्षात आलं, की कंत्राटदार अजून एक शब्द बोललेले नाहीत. ज्यांचा आवाज भिंतीपलीकडच्या बँकेत ऐकू जाई, ते आज पुढ्यातलं पुस्तक बंद करून त्यावर हात ठेवून बसले होते.

"तुमचं काय?" मास्तरांनी विचारलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी कंत्राटदारांना काही साधेपणाने विचारलं असेल.

"माझ्याकडे वाक्य नाही," कंत्राटदार म्हणाले. "शब्द सापडला नाही. वागणूक सापडली. ती चालेल का, चिटणीसबाई?"

"चालते," बाई म्हणाल्या. "कोर्टात शब्दापेक्षा जास्त चालते."

"मी बांधकामवाला माणूस," कंत्राटदार म्हणाले. " तो सुताराच्या घरचा, म्हणजे आपल्याच धंद्यातला. म्हणून मी बघत होतो, त्याने स्वतःसाठी काय बांधलं, काय मागितलं. सगळं वाचलं, दोनदा. जन्माला आला तो जनावरांच्या गोठ्यात. लोकांशी बोलायला बसला ती होडी दुसऱ्याची. गावात शिरला तेव्हा गाढव मागून आणलेलं. शेवटचं जेवण दुसऱ्याच्या माडीवर. पुरलं तेही दुसऱ्यासाठी खोदलेल्या जागेत. एक भिंत नाही हो त्याने स्वतःसाठी घातली. सुतार असून. मी उंची शोधत होतो. पुलावरून दिसेल अशी. डोंगर सोडले तर उंचावर तो चढला एकदाच, आणि ते लोकांनी चढवलं म्हणून. खिळे मारून."

साडूंनी आपलं पुस्तक मिटलं.

"आणि तरी सगळ्यांच्या वर तोच," कंत्राटदार म्हणाले. "याच्यात मला शंका नाही, आधी नव्हती आणि आता तर अजिबात नाही. पण मला वाटत होतं, वर जायला उंची लागते. आणि मी त्याच्या नावाने ज्या बाईचं छत काढायला निघालो, ती रोज त्याची खुर्ची पुसते. मी सूचना मागे घेतो."

"सूचना मागे घेता येते?" साडूंनी विचारलं.

डॉक्टरांनी पानं उलटली. "नियम नववा. मांडणाऱ्याला येते."

बाईंनी पहिल्यांदाच त्या सोसायटीच्या पुस्तकाचे मनापासून आभार मानले.

"पण तुम्ही शब्द दिला होता ना?" रंगवाल्याने विचारलं. कमानीसाठी मागवलेले त्याचे निळ्या रंगाचे चाळीस डबे पाण्यात गेले होते.

"दिला होता, बांधीन म्हणून. काय ते त्याने सांगितलं नव्हतं, मीच आपलं ठरवलं." कंत्राटदारांनी दाराकडे तोंड करून आवाज मोकळा सोडला. "मावशी! छत गळतं का हो तुमचं?"

मावशी ट्रे घेऊन आत आल्या. "गळतं. पण एकाच जागी. बादली आहे."

"सोमवारी माणसं येतील. मीही येईन. छत नवीन करू, आणि पूर्वेला खिडकी काढू."

"खिडकी कशाला? झाडायला आणखी एक."

"काढू द्या हो," मास्तर म्हणाले. कंत्राटदारांच्या बाजूने. डॉक्टरांनी ते ऐकून नियमावली मिटलीच.

सोमवारी छताचं काम सुरू झालं. मावशी खाली उभ्या राहून सूचना देत होत्या आणि शहरातला सगळ्यात मोठा कंत्राटदार शिडीवरून 'हो मावशी, हो मावशी' म्हणत होता. रंगवाल्याने भिंतींना फिका पिवळा रंग दिला. निळा उरलाय, तोच लावतो म्हणून त्याने हट्ट केला होता, पण मावशींनी त्याला हाकललं.

बाई रोज जात होत्या. कधी विटा मोजायला, कधी उगीच. मावशी बोलत, हसत, चहा देत. 'पाहिलं मी'चा विषय पुन्हा निघाला नाही, आणि बाईंना तेच टोचत होतं. सूचना मागे घेतली गेली, तरी नोंद राहिलीच होती. 'कमानीच्या बाजूने' या शब्दांखाली चार जण, चौथं नाव त्यांचं. खोडायचा मोह झाला नाही असं नाही. पण बाईंनी आयुष्यात एकही खोटी ओळ लिहिली नव्हती, आणि आता याच बाबतीत लिहिली असती तर त्यांना मावशींच्या दारात उभं राहता आलं नसतं.

पुढल्या महिन्याच्या सभेत नेहमीप्रमाणे मागच्या नोंदी वाचून कायम करायच्या होत्या. बाईंनी सगळं वाचलं, आपलं नाव धरून, आवाज न घालवता. थोडा गेलाच.

"कोणाची काही दुरुस्ती?" डॉक्टरांनी विचारलं.

"माझी आहे," दारातून आवाज आला. मावशी चहाचा ट्रे हातात धरून उभ्या होत्या.

"मावशी, तुम्ही सभासद नाही," साडू म्हणाले. "सभासद नसलेल्याला बोलायला अध्यक्षांची परवानगी लागते."

सगळ्यांनी टेबलाच्या टोकाकडे पाहिलं. मग मास्तर चष्म्यावरून म्हणाले, "अध्यक्षांची हरकत दिसत नाही. बोला."

मावशींनी ट्रे टेबलावर ठेवला. "ते नाव खोडू नका, घडलं ते घडलं. पण त्याच्यापुढे लिहा, की हिचा हात वर गेला होता आणि तो मी खाली घेतला. माझी तिच्याबद्दल काही तक्रार नाही, त्या दिवशीही नव्हती. बोलायचं राहून गेलं, ते माझं चुकलं. आपण सगळे ज्याच्या नावाने इथे बसतो, त्याने माझे असे किती चुकलेले हात खाली घेतलेत ते मला माहीत आहे. मी एवढं तरी करावं."

बाईंची पेन्सिल जागच्या जागी थांबली होती. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना म्हणावं लागलं, "मावशी, परत सांगाल का?"

मावशींनी परत सांगितलं, सावकाश, शाळेत लिहून घेतात तसं. बाईंनी ते लघुलिपीत नाही, पूर्ण अक्षरांत लिहिलं. डोळे भरले होते, त्यामुळे ओळ थोडी तिरकी गेली. कंत्राटदार मोठ्याने नाक शिंकरत होते आणि मास्तर त्यांना आपला रुमाल देत होते.

"लिहिलंस?" मावशींनी विचारलं.

"लिहिलं."

"सगळं?"

"सगळं, मावशी."

"मग आता चहा घे," मावशी म्हणाल्या. "केव्हाचा ओतलाय."